चार शर्यती जिंकूनही दुसरा?

गेल्या अंकात मी विचारलं होतं, तुमच्या सायकल क्लबात हंगामाअखेरचा करंडक कोणाला द्यायचा हे कसं ठरवता? आलेल्या पत्रांत माहिती कमी आणि तक्रारी जास्त आहेत. त्यामुळे चेनचं तेल, सीटची उंची आणि गुडघेदुखी हे आपले नेहमीचे विषय या वेळी थांबतील. एका सद्गृहस्थांनी दोन पानं भरून एका स्प्रिंटचा निकाल माझ्याकडून बदलून मागितला आहे. तो अधिकार मला नाही. शाळेत गणित शिकवायचे तेव्हापासून रविवारी सकाळी फिनिश लाइनच्या टेबलावर वही आणि स्टॉपवॉच घेऊन बसते, तेवढ्या भांडवलावर ही उत्तरं. नाव छापू नका असं जवळजवळ सगळ्यांनी बजावलंय, म्हणून फक्त गावं देते.

प्रश्न : ताई, मी एका लहान क्लबचा सचिव. नोव्हेंबर ते मार्च आम्ही सात शर्यती घेतो. पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ९, असं करत दहाव्याला १. या वर्षी एका मुलाने चार शर्यती जिंकल्या, पण एमआयडीसीत त्याची पाळी बदलली आणि उरलेल्या तीन हुकल्या. करंडक गेला सातही शर्यतींना आलेल्या दुसऱ्या मुलाला. त्याने एकही शर्यत जिंकलेली नाही! तिसरा, तिसरा, चौथा, दुसरा, तिसरा, चौथा, तिसरा, असे त्याचे क्रमांक. क्लबात दोन तट पडलेत, व्हॉट्सॲप ग्रुप काही दिवस बंद ठेवावा लागला. पद्धत बदलावी का? (सांगली)

उत्तर : तुम्ही क्रमांक लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत. नाहीतर लोक "अन्याय झाला" एवढंच लिहितात आणि आकडे विचारले की गप्प बसतात. मी पेन्सिल घेऊन बसले.

तुमच्या तक्त्याने सातही शर्यतींना आलेल्याचे ५५ गुण होतात आणि चार जिंकणाऱ्याचे ४०. फरक चांगला पंधराचा. आता तुमच्यातला एक तट म्हणतोय, "पहिल्याला जास्त गुण द्या, सगळं सुटेल." देऊन बघू. मोटोजीपीच्या मोटरसायकल शर्यतींत २५, २०, १६, १३, ११, १० आणि पुढे एकेक कमी करत पंधराव्याला १ असा तक्ता आहे. तो लावला तर चार विजयांचे १०० होतात आणि सातत्यवाल्याचे ११०. करंडक तिथेच! दुसरा तट म्हणत असेल, "सातातल्या सर्वोत्तम पाचच मोजा." तुमच्या जुन्या तक्त्यावर तसं केलं, तर सातत्यवाल्याचे ४१ आणि चार विजयवाल्याचे ४०. एका गुणाने का होईना, करंडक पुन्हा तिथेच. दोन्ही बदल एकत्र केले, की मात्र १०० विरुद्ध ८४ होऊन पारडं फिरतं.

म्हणजे तुमच्या भांडणात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. जिंकण्याची किंमत किती, हा एक. गैरहजेरीची शिक्षा किती, हा दुसरा. बैठकीत ते वेगवेगळे घ्या आणि दोन्ही वेळा हात वर करून मतं मोजा.

पहिल्या प्रश्नावर माझं मत पक्कं आहे. १०, ९, ८ हा तक्ता लिहायला सोपा म्हणून सगळीकडे दिसतो, पण त्यात पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर नवव्या-दहाव्यातल्या अंतराएवढंच. शेवटच्या दोनशे मीटरला जीव तोडून स्प्रिंट मारायची, हँडल हँडलाला लागायचा धोका घ्यायचा, आणि मिळणार काय, तर एक जास्तीचा गुण. शहाणा सायकलस्वार मग दुसऱ्याच्या चाकामागे वारा चुकवत बसून राहतो आणि आरामात तिसरा येतो. तुमचा विजेता असाच खेळला असेल तर त्यात त्याची चूक काय? रणजी करंडकात सामना निकाली जिंकला तर ६ गुण, आणि अनिर्णित राहिला पण पहिल्या डावाची आघाडी असली तर ३. म्हणूनच आघाडी खिशात पडलेला संघ चौथ्या दिवशी डाव घोषित करायचं नाव काढत नाही. खेळाडू तक्ता वाचूनच मैदानात उतरतात.

अर्थात तक्ता वर कितीही उंच केला तरी सातत्याला हरवता येतंच असं नाही. टूर द फ्रान्समध्ये हिरवी जर्सी गुणांवर मिळते. २०१५ साली आयोजकांनी सपाट टप्प्यांच्या विजेत्याचे गुण मुद्दाम वाढवले: पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३०. हेतू हा, की टप्पे जिंकणाऱ्या स्प्रिंटरलाच ती जर्सी जावी. त्या वर्षी आंद्रे ग्रायपेलने चार टप्पे जिंकले. जर्सी मिळाली पीटर सागानला, ज्याने एकही टप्पा जिंकला नव्हता. तो टप्प्याच्या मध्येच ठेवलेल्या स्प्रिंटचे गुण वेचत गेला, आणि जिथे बाकीचे स्प्रिंटर चढावर गळून पडायचे तिथेही वरच्या क्रमांकांत यायचा. तुमच्या क्लबातल्या भांडणाला इतके मोठे पूर्वज आहेत, एवढं त्या ग्रुपवर टाका.

आता गैरहजेरी. व्यावसायिक सायकलस्वाराला हजर राहण्याचाच पगार मिळतो. आपल्याकडे कोणाची पाळी असते, कोणाची परीक्षा, कोणाचा ऊस कारखान्याला जायचा असतो, आणि फेब्रुवारीत प्रत्येकाच्या घरी कोणाचं तरी लग्न असतंच. सगळ्या शर्यती मोजणारा हौशी क्लब पायांच्या ताकदीबरोबर रविवारची फुरसतही मोजत असतो. म्हणून सातातल्या पाच मोजा, दोन सोडा. त्याहून जास्त सोडू नका. सातातल्या तीनच मोजल्या तर जानेवारीतच तीन जिंकून एखादा घरी बसेल आणि मार्चच्या शर्यतीला तुमच्याकडे सुटायला माणसं उरणार नाहीत.

सोडण्याच्या नियमालाही काटे आहेत, ते आधी सांगून ठेवते. फॉर्म्युला वनमध्ये १९८८ साली सोळांपैकी सर्वोत्तम अकरा निकाल धरायचे असा नियम होता. अलँ प्रॉस्टचे एकूण गुण झाले १०५, आयर्टन सेनाचे ९४. अकरा निकाल धरल्यावर सेना ९० आणि प्रॉस्ट ८७, म्हणून जगज्जेता सेना. त्याने जिंकल्याही जास्त होत्या, आठ विरुद्ध सात. पण ज्याचे गुण जास्त तो हरला कसा, हे प्रेक्षकाला समजावताना समालोचकांची पुरेवाट झाली असणार. १९९१ पासून त्यांनी तो नियम काढून टाकला. तुमच्या क्लबात चाळीस माणसं आहेत, चाळीस कोटी प्रेक्षक नाहीत. एक्सेलमध्ये दोन रकाने ठेवा, "एकूण" आणि "मोजलेले", आणि प्रत्येक शर्यतीनंतर दोन्ही रकाने लोकांना दाखवा. शेवटच्या दिवशी कोणी दचकणार नाही.

एक सूचना माझ्याकडून. इंग्लंडमधल्या बऱ्याच क्लबांत मार्शल म्हणून उभं राहणाऱ्याला त्या दिवसाचे गुण मिळतात. आपल्याकडे फाट्यावर लाल झेंडा घेऊन टेम्पो अडवायला नेहमी तेच तिघं-चौघं असतात आणि करंडकाच्या यादीत त्यांचं नाव तळाला. हंगामात एकदा मार्शलचं काम केलं तर स्वतःच्या सरासरीइतके गुण द्या. तुमचा एमआयडीसीवाला रात्रपाळी करून आला तर शर्यत मारू शकणार नाही, पण दोन तास फाट्यावर उभा राहू शकेल.

आणि हे सगळं पुढच्या नोव्हेंबरपासून. या वर्षीचा करंडक ज्याला दिलात त्याच्याकडेच राहू द्या. तो तुम्ही छापलेल्या नियमाने जिंकलाय. सातही रविवारी पहाटे उठून आला होता तो; त्याला ऐकू जाईल असं कुजबुजणं आधी थांबवा.

प्रश्न : गुणांची भानगडच कशाला? सगळ्या शर्यतींची वेळ बेरीज करा, ज्याची कमी तो पहिला. टूर द फ्रान्सही वेळेवरच ठरते ना? (बेळगाव)

उत्तर : ठरते, पण नेहमीच ठरत नव्हती. १९०३ आणि १९०४ ची टूर वेळेवर झाली. १९०४ मध्ये इतकी फसवाफसवी झाली, की पहिल्या चौघांना बाद करून पाचव्याला, १९ वर्षांच्या आँरी कोर्नेला, विजेता जाहीर करावं लागलं. १९०५ पासून आयोजकांनी गुण आणले. ढोबळमानाने सांगायचं तर टप्प्यातल्या क्रमांकांची बेरीज, आणि ज्याची कमी तो वर. एका सेकंदाने पुढे आलात काय किंवा एका तासाने, गुण तेच. मग तासभर आगाऊ मिळवण्यासाठी लबाडी करण्यात हशील राहिलं नाही. ही पद्धत १९१२ पर्यंत चालली. त्या वर्षी ओदिल द्फ्रे गुणांवर जिंकला, पण वेळ धरली असती तर अझेन क्रिस्तोफ शेवटच्या टप्प्यापर्यंत पुढे होता. ओरड झाली आणि १९१३ पासून पुन्हा घड्याळ.

तेव्हा दोन्ही बाजूंना अनुभव आहे. टूरमध्ये मात्र तीन आठवडे सलग तीच माणसं एकामागून एक टप्पे मारतात. तुमच्या हंगामात डिसेंबरच्या शर्यतीला आलेला जानेवारीत नसतो. जो आलाच नाही त्याची वेळ काय धरणार? शेवटच्याची अधिक दहा मिनिटं? मग ती दहा मिनिटंच करंडक ठरवतील. शिवाय एक पंक्चर. गुणांत पंक्चर झालं तर एक शर्यत जाते, वेळेत पंक्चर झालं तर हंगाम जातो. मागे सपोर्टची गाडी आणि सुटं चाक असणाऱ्याला ते परवडतं. रस्त्याकडेला बसून स्वतः ट्यूब बदलणाऱ्याला परवडत नाही.

बेल्जियममध्ये चिखलातल्या सायकलक्रॉस शर्यतींच्या मालिका असतात. त्यातली सुपरप्रेस्टिज १५ ते १ असे सरळ उतरते गुण देते, आणि दुसरी एक मालिका चक्क वेळेच्या फरकावर ठरते. तीच माणसं दोन्हीकडे धावतात. मला ते आवडतं. एकाच हिवाळ्यात दोन प्रकारचे विजेते निघतात आणि कोणी कोणाला खोटं म्हणत नाही.

वेळेचा खरा उपयोग टाइम ट्रायलमध्ये, जिथे प्रत्येकजण एकेकटा सुटतो आणि घड्याळाशी शर्यत करतो. इंग्लंडमधल्या हौशी सायकलस्वारांची सर्वात मानाची हंगामी क्रमवारी, बेस्ट ऑलराउंडर, १९३० पासून वेगावरच चालत आली. पुरुषांसाठी ५० मैल, १०० मैल आणि १२ तास, तिन्हींतल्या सरासरी वेगांची पुन्हा सरासरी. ना गुण, ना तक्ता. ऐकायला किती निर्मळ वाटतं! पण वेग मोजायला लागलं की लोक वेगवान रस्ते शोधतात. इंग्लंडातले स्वार मग घराजवळची वळणावळणाची शर्यत सोडून दूरवरच्या सपाट दुपदरी रस्त्यांवर जाऊ लागले, जिथे शेजारून जाणाऱ्या गाड्यांच्या वाऱ्याचा आयता धक्का मिळतो. तुमच्याकडे बेळगावहून कोणी चोर्ल्याच्या घाटात वेळ लावील आणि कोणी हुबळीच्या दिशेच्या सरळसोट महामार्गावर. त्या दोन वेगांची सरासरी काढून काय कळणार?

प्रश्न : दोघांचे गुण सारखे झाले तर? (लातूर)

उत्तर : ज्याचे विजय जास्त तो. तेही सारखे असतील तर दुसरे क्रमांक ज्याचे जास्त. तरीही बरोबरी असेल तर शेवटच्या शर्यतीत जो पुढे होता तो. चिठ्ठी टाकू नका आणि अध्यक्षांना विचारू नका.

प्रश्न : आम्ही चार क्लब मिळून जिल्ह्याची एकत्र क्रमवारी सुरू करतोय. एका क्लबचा आग्रह असा, की आमची शर्यत जुनी, बक्षिसं मोठी, म्हणून आम्हाला दुप्पट गुण. कुंभार्ली घाटाची शर्यत अवघड, म्हणून तिचेही वाढवून हवेत. (चिपळूण)

उत्तर : दुप्पट गुण मागणारा क्लब प्रत्येक जिल्ह्यात असतो. त्यांना चहा पाजा आणि जगाच्या सायकलिंग संघटनेची, यूसीआयची, गोष्ट सांगा.

२०२० ते २०२२ या तीन वर्षांच्या गुणांवरून कोणते संघ वरच्या वर्गात राहतील आणि कोणते खाली जातील हे ठरणार होतं. शर्यतींना त्यांच्या दर्जाप्रमाणे गुण होते. त्या तक्त्यात टूर द फ्रान्सचा टप्पा जिंकला तर १२० गुण, आणि बेल्जियममधल्या एखाद्या कमी दर्जाच्या एकदिवसीय शर्यतीचा पहिला क्रमांक आणला तर १२५! आता तुम्ही संघाचे मॅनेजर असता तर काय केलं असतं? त्यांनीही तेच केलं. २०२२ मध्ये घसरणीच्या भीतीने लोट्टो संघाने आर्नो द ली हा २० वर्षांचा तगडा मुलगा टूरला न नेता लहान शर्यतींवर धाडला. त्याने त्या जिंकल्याही, आणि तरीही वर्षाअखेर संघ खाली गेलाच. पुढच्या वर्षी यूसीआयने टूरच्या टप्प्याचे गुण २१० केले. पगारी तज्ज्ञ घेऊन बसलेल्या संघटनेलाही शर्यतींचं वजन धड ठरवता आलं नाही. चार क्लबांच्या बैठकीत ते ठरेल आणि शिवाय मनं शाबूत राहतील, असं मला वाटत नाही.

अमेरिकेतल्या संघटनेने वेगळी वाट काढली. तिथे शर्यतीचं वजन आयोजक सांगत नाही. ज्या शर्यतीला आधीच चांगली क्रमवारी असलेले स्वार येतात तिचं वजन आपोआप वाढतं. कल्पना हुशारीची आहे. पण त्यासाठी ह्या गावचे स्वार त्या गावी जाऊन शर्यत मारतात अशी घुसळण हवी. जिल्ह्यात दर रविवारी तीच तोंडं असतील तर गणित स्वतःभोवतीच फिरत राहतं, आणि सांगायला गेलं तर कोणाला समजतही नाही. जो नियम फिनिश लाइनवर उभ्या असलेल्या माणसाला बोटांवर मोजून दाखवता येत नाही, तो हौशी क्लबात टिकत नाही.

माझा सल्ला, सगळ्या शर्यतींना सारखे गुण. पहिल्याला २५ म्हणजे २५, मग ती कोणाचीही असो. फक्त गुण किती क्रमांकांपर्यंत द्यायचे ते आलेल्या स्वारांवर ठेवा: सुटले त्यांतल्या निम्म्यांना. तीस सुटले तर पंधरा जणांना गुण, आठ सुटले तर चौघांना. नाहीतर आठ जणांच्या शर्यतीत दर वेळी सावकाश शेवटचा येणारा गडी गर्दीच्या शर्यतीत घाम गाळून सोळाव्या आलेल्याच्या पुढे जाऊन बसतो. मी तो प्रकार पाहिलाय, आणि त्या सोळाव्याचा चेहराही पाहिलाय.

राहिला घाट. अवघड म्हणजे कोणाला अवघड? पंचावन्न किलोच्या मुलाला कुंभार्लीत पंख फुटतात. पंच्याऐंशी किलोच्या गड्याला विचारा, आणि मग त्यालाच समुद्राच्या वाऱ्यावर गुहागरच्या बाजूला सपाटीला सोडून बघा. घाटाचे गुण वाढवलेत तर करंडक वजनकाट्यावरच दिल्यासारखं होईल. त्यापेक्षा हंगामाची आखणी करताना दोन घाटाच्या, दोन सपाट आणि एक टाइम ट्रायल अशी मिसळण ठेवा. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला "घाटाचा राजा" म्हणून वेगळा मान मिळतो, तसा तुमच्याकडेही द्या. एक फेटा आणि एक ढाल एवढ्यात काम होतं आणि तक्त्याला हात लावावा लागत नाही.

प्रश्न : आमच्याकडे महिला पाच-सहाच असतात. पुरुषांबरोबरच सुटतो. क्लब म्हणतो, स्पर्धक कमी म्हणून महिलांना गुण निम्मे. वर्षाअखेर एकत्र यादी लागते आणि आमच्यातली पहिली जी असते ती एकतिसावी दिसते. तुम्ही गणिताच्या, तुम्हीच सांगा. (नागपूर)

उत्तर : हे गणित नाही, आळस आहे. दोन याद्या करायच्या सोडून एक केली.

महिलांची यादी वेगळी आणि जिंकणारीला पूर्ण २५ गुण. वर चिपळूणकरांना सांगितलं तेच तुमच्याकडेही: सहा सुटल्या तर तिघींना गुण, पण पहिलीचे गुण कापायचे नाहीत. वेगळी यादी झाली, की तुमची बरोबरी तुमच्यातच. मग गुण निम्मे केले काय आणि दुप्पट केले काय, क्रमवारी तीच राहते. फरक पडतो तो बक्षीस समारंभात, जेव्हा निवेदक पुरुषांचे १२५ वाचतो आणि मग तुमचे ६२. त्या निम्म्याचा उपयोग तेवढाच आहे.

संख्या कमी म्हणजे दर्जा कमी, असं कोणी म्हणालं तर बेरिल बर्टनचं नाव सांगा. यॉर्कशायरची बाई, भाजीच्या शेतात राबणारी, जन्मभर हौशी. महिलांची बेस्ट ऑलराउंडर क्रमवारी तिने १९५९ ते १९८३ अशी सलग पंचवीस वर्षं जिंकली. १९६७ मध्ये बारा तासांच्या टाइम ट्रायलमध्ये पुरुष आधी सुटले होते, ही मागून. त्या दिवशी माइक मॅकनमाराने पुरुषांचा नवा विक्रम केला, २७६.५२ मैल. बर्टनने केले २७७.२५, म्हणजे साधारण ४४६ किलोमीटर. त्याला ओलांडताना तिने खिशातली ज्येष्ठमधाची गोळी काढून त्याच्या हातात दिली, आणि तो "थँक्यू" म्हणाला. दोन वर्षं कोणाही पुरुषाला तो आकडा गाठता आला नाही. तरी तिचं नाव महिलांच्याच यादीत लागलं आणि ते तिथेच लागायला हवं होतं.

आणि हो, एकत्र सुटता तेव्हा पुरुषांच्या चाकामागे बसायचं की नाही, याचा नियम लेखी करून घ्या. एखादीचा भाऊ तिला शेवटपर्यंत ओढत आणतो आणि एकटीने वारा खाल्लेली मागे राहते. महिलांना पाच मिनिटं आधी सोडलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

प्रश्न : आमच्या ग्रुपात शर्यती कमी, बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, जास्त. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटर पूर्ण करून सुपर रँडोनर झालेले बरेच आहेत. जो लवकर पूर्ण करतो त्याला जास्त गुण, अशी वार्षिक क्रमवारी काढावी असा विचार आहे. (ठाणे)

उत्तर : काढू नका.

बीआरएम ही शर्यत नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. त्या वेळेत आलात की पूर्ण. पहिला, शेवटचा असा प्रकार नाही. चाळीस तासांच्या राइडमध्ये वेळ वाचवायची सर्वात सोपी जागा झोप असते. तुम्ही लवकर येणाऱ्याला गुण द्या, आणि पहाटे तीनला कसारा उतरताना डोळे मिटणारा माणूस ढाब्यावर अर्धा तास आडवा होणार नाही. मागून ट्रक येत असतात.

मोजायचंच असेल तर नोव्हेंबर ते ऑक्टोबरच्या हंगामात कोणी किती ब्रेव्हे, म्हणजे अशा राइड, पूर्ण केल्या ते मोजा. एकोणचाळीस तास पन्नास मिनिटांनी आलेला आणि तीस तासांनी आलेला, दोघांनाही सारखंच. ज्यांना शर्यतच हवी त्यांच्यासाठी पुण्याहून गोव्याला जाणारी डेक्कन क्लिफहँगर आहे, सुमारे ६४० किलोमीटरची. तिथे मागे सपोर्टची गाडी असते आणि क्रमांकही लागतात.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा, साध्या सायकलवर गावोगावच्या शर्यती मारतो. जत्रेतल्या, शिवजयंतीच्या. जिंकतोही. क्लबाने या वर्षी त्याला मोठ्यांच्या गिअर गटात टाकलं, कारण साध्या सायकल गटात त्याचे गुण "फार झाले". आता तो बारावा-तेरावा येतो आणि गप्प झालाय. (सातारा)

उत्तर : तुमच्या क्लबाने एकाच गुणाला दोन कामं लावलीत. करंडकाचे गुण वेगळे आणि वरच्या गटात जायचे वेगळे असतात. इंग्लंडमध्ये ब्रिटिश सायकलिंगची अनेक वर्षं चालत आलेली पायऱ्यांची पद्धत बघा. चौथ्या श्रेणीतून तिसरीत जायला १२ गुण, तिसरीतून दुसरीत जायला एका हंगामात ४०, दुसरीतून पहिलीत २००. आकडा आधी माहीत असतो, त्यामुळे मुलाला कळतं की अजून किती राहिलं. वर जाणं ही त्याने मिळवलेली गोष्ट होते. "फार झाले" म्हणून उचलून टाकलं, की ती शिक्षा होते.

आणि गट सायकलीवरून पाडले असतील तर साध्या सायकलवरच्या मुलाला गिअरवाल्यांत ढकलण्याला काय म्हणावं? चढावर त्याने उभं राहून पेडल मारायचं आणि शेजारच्याने बोटाने गिअर पाडायचा. क्लबाला पत्र लिहा. त्यात तीन गोष्टी मागा. साध्या सायकलची यादी वेगळी. त्यातून वर जायचा गुणांचा आकडा हंगामाआधी छापलेला. आणि वर जाण्याच्या वेळी मुलाकडे गिअरची सायकल नसेल तर त्याच गटात राहायची मुभा. तुमच्या मुलाला या हंगामात साध्या सायकल गटात मिळालेले गुण त्याचेच आहेत. गट बदलला म्हणून ते पुसले असतील तर परत मांडायला लावा. निकालपत्रकाच्या प्रती मला पाठवा, बेरीज मी करून देते.